आई-बाबा पहिल्यांदाच दोघंच परदेशी निघालेत. फोन बंद पडला तर काय?

अनघा_शिवाजीपार्क

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माझे आई-बाबा धाकट्या बहिणीकडे म्युनिकला निघालेत. बाबा ७१, आई ६७. दोघंही हिंडतेफिरते आहेत, तब्येतीची मोठी तक्रार नाही. बाबांना रक्तदाब, आईला मधुमेह, ती इन्शुलिन घेते. याआधी परदेशी गेले ते टूरबरोबर, पुढे झेंडा धरून चालणारा माणूस असायचा. या वेळी दोघंच. मुंबई ते दुबई, तिथे विमान बदलायचं, मग म्युनिक.

व्हिसा आला, तिकिटं झाली, विमा झाला. पण हे सगळं आहे कुठे? बाबांच्या फोनमध्ये. तिकीट फोनमध्ये, पॉलिसी फोनमध्ये, बहिणीचा पत्ता फोनमध्ये, आणि तिचा नंबर घरात कुणालाच पाठ नाही. माझं म्हणणं असं की तयारी करताना फोन नाहीच असं धरून चालायचं. यावर घरात वाद झाला. बाबा म्हणतात आता कागद कोण बाळगतं.

तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील असे गेलेत, त्यांनी सांगा: कागदावर काय काय हवं? आणि आईला आणखी एका गोष्टीसाठी तयार करायचंय. कुणी काही दिलं की तिच्या तोंडून "नाही" निघत नाही. सोसायटीतून आणि भिशीतून आत्तापासूनच "एवढं माझ्या लेकीला दे ना" सुरू झालंय.

चर्चगेट_स्लो

सगळ्यात आधी बहिणीचा नंबर दोघांकडून पाठ करून घ्या, +४९ सकट. आमच्याकडे नातीने आजीकडून पाढ्यासारखा रोज संध्याकाळी म्हणून घेतला. आजी तिकडून परत आली तरी अजून विसरलेली नाही.

टी२_रात्रपाळी

मी सहारला टर्मिनल २ वर काम करतो, रोज हे बघतो. अनघाताई, तुमचं बरोबर आहे. गेटवर आलेल्या ज्येष्ठांचा फोन बंद पडला की बोर्डिंग पास गेला, मुलाचा नंबर गेला आणि घाबरल्यामुळे इंग्रजीही गेलं. बोर्डिंग पास काउंटरवरून कागदाचाच घ्या, मागितला की देतात. दुबईच्या पुढचाही इथेच मिळतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. फक्त तिच्यावर क्षमता छापलेली हवी. छापील अक्षरं पुसली गेली असतील तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. शिवाय आता काही विमान कंपन्या ती बरोबर ठेवू देतात, पण विमानात वापरू देत नाहीत. त्यामुळे "पॉवर बँक आहे ना, मग कागद कशाला" हे बाबांना चालणार नाही.

आणि तिकिटावर व्हीलचेअर असिस्टन्स मागून घ्या. चालता येत असलं तरी. दुबईत एका काँकोर्सवरून दुसऱ्या काँकोर्सवर जायला गाडी असते, गेट आयत्या वेळी बदलतं. सोबत माणूस असला की निम्मी काळजी मिटते.

केतकी_पार्ले

मला हे सगळं जरा जास्त वाटतंय, राग मानू नका. माझे सासू-सासरे दर दोन वर्षांनी न्यू जर्सीला जातात. आपण मुलंच त्यांना घाबरवतो. ज्या माणसांनी चाळीत चार भाडेकरूंशी भांडून पाणी मिळवलं, त्यांना विमान बदलता येणार नाही का? फोन शिकवा, पुरे.

अनघा_शिवाजीपार्क

केतकी, घाबरवायचं मुळीच नाहीये. बाबांना बँकेत ३० हून जास्त वर्षं सगळ्या अडचणी निस्तरताना पाहिलंय. पण ते जिंकायचे कारण समोर फाइल असायची. मला त्यांच्या हातात फाइल द्यायचीय, एवढंच.

डॉ_माहीम

औषधांबद्दल लिहिते, कारण यात सगळे घाई करतात.

इन्शुलिन कधीही चेक-इनच्या बॅगेत नको. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्शुलिन वापरायचं नसतं, दिसायला चांगलं दिसलं तरी. हातातल्या बॅगेत, सुया आणि ग्लुकोमीटरसकट, डॉक्टरांच्या पत्रासह. १०० मिलीच्या द्रवाच्या नियमातून औषधांना सूट असते, पण तपासणीला आधीच काढून दाखवायचं. बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडू नये म्हणून बाकीच्या गोळ्याही निम्म्या हाताशी ठेवा.

आता आपल्याकडची एक खास सवय. बाबा लोक स्ट्रिप कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे डबीत भरतात. होतं काय, गोळीचं नाव आणि मुदत राहते कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर, घरी. हातात राहतात चार पांढऱ्या गोळ्या, ज्या कुणालाच ओळखता येत नाहीत. अख्खी स्ट्रिप न्या. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्या ब्रँडची नावं म्युनिकच्या डॉक्टरला कशी कळणार? घटकाचं नाव असलं की काम होतं. अमेरिकेत तर आपल्या पॅरासिटामॉललाच असिटामिनोफेन म्हणतात.

दुबईमार्गे जाणार असाल तर आणखी एक. कोडीन, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. विमानतळावर फक्त विमान बदलत असलात तरी पाय त्यांच्या भूमीवर असतो. कोडीनवालं खोकल्याचं औषध पर्समध्ये सहज पडून राहिलेलं असतं. आईंची पर्स एकदा पूर्ण रिकामी करून भरा.

मिरची_कोथिंबीर

डॉक्टरताईंच्या पर्सच्या यादीत एक भर. खसखस! अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. अफूच्याच झाडाचं बी. आणि आपल्या आया लेकीकडे निघाल्या की काय करतात? अनारसे. त्यावर काय असतं? माझ्या वहिनीने हे वाचून डबा उघडला आणि सगळे अनारसे सोसायटीत वाटले. आम्ही खाली उभं राहून खाल्ले, छान झाले होते.

गिरगाव_चौपाटी

मग आंब्याचं काय? मे महिना आहे. पेटीशिवाय कोणती आजी जाते?

इसारकाठी

मी म्युनिकमध्येच राहते, मूळची ठाण्याची. आंब्याचं उत्तर मीच देते, कारण दर मे महिन्यात मला हाच फोन येतो.

१४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून फळं-भाज्या आणताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या सामानातल्या फळांनाही. अपवाद पाचच: अननस, नारळ, केळं, ड्यूरियन आणि खजूर. हापूस नाही. फळमाशीचं प्रकरण आहे, त्याच कारणाने २०१४ मध्ये त्यांनी आपल्या हापूसवर पूर्ण बंदी घातली होती आणि ती पुढच्या जानेवारीत उठली. दुधाचे पदार्थही बाहेरून आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे राहू देत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम आनंदाने आणा. इथे म्युनिकच्या भारतीय दुकानांत हंगामात हापूस मिळतो, महाग असतो, पण बहिणीने आधीच सांगून ठेवला तर आई पोचायच्या दिवशी घरात असेल.

बाकी म्युनिकबद्दल सविस्तर नंतर लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय.

गिरगाव_चौपाटी

नारळ चालतो हे ऐकून आमच्या हिला फार बरं वाटलं. ओटी भरता येईल.

वसईचा_नाखवा

अनघाताई, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्याची पुडी.

मुंबईच्याच एका जोडप्याची गोष्ट पेपरात आली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१९ साली ते कतारला गेले. जवळच्या नातेवाईक बाईंनी सहल भेट दिली आणि सोबत एक पाकीट दिलं, तिकडच्या कुणालातरी द्यायला. दोहाच्या विमानतळावर त्यात चरस सापडलं. १० वर्षांची शिक्षा झाली. ती बाई गरोदर होती, बाळ तुरुंगात जन्मलं. इथे घरच्यांनी जिवाचं रान केलं, आपल्या तपास यंत्रणेने मूळ टोळी शोधली, सरकारी पातळीवर कागद गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये निर्दोष ठरून ते परत आले.

पाकीट देणारी परकी नव्हती, घरची होती. म्हणून मी कुणाचंही काही नेत नाही. सख्ख्या भावाचंही नाही.

केतकी_पार्ले

नाखवा, ती घटना भयंकर होती, मान्य. पण त्यावरून शेजारच्या काकूंचे डिंकाचे लाडूसुद्धा नाकारायचे? लेक तिकडे बाळंत होणार आहे, आई इथे लाडू वळून बसलीय. तिला "नाही" कसं म्हणायचं? आपल्याकडे माणसं एकमेकांच्या भरवशावरच जगतात. मी स्वतः नेलेत आणि पुढेही नेईन.

वसईचा_नाखवा

केतकीताई, लाडवाला माझा विरोध नाही. बंद पाकिटाला आहे. काऊंटरवर विचारतात "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?" तेव्हा तुम्ही "हो" म्हणता. त्या "हो"मध्ये काकूंचा डबाही येतो.

रुईया_नाका

मधला मार्ग आमच्या आईने काढला होता. कुणी काही आणलं की ती म्हणायची, "माझ्यासमोर भरा." डबा रिकामा आणायचा, लाडू वेगळे आणायचे, आमच्या डायनिंग टेबलावर बसून तिच्यासमोर भरायचे. औषध, पूड, गुंडाळलेली भेट, कपड्यांच्या घड्यांत ठेवलेलं काहीही नाही. साड्या उलगडून परत घडी घालायच्या. निम्म्या लोकांनी ऐकूनच आणणं सोडलं, उरलेल्या चहा पिऊन गेल्या. कुणी दुखावलं नाही. उलट दोघी-तिघींनी स्वतःच्या घरी हाच नियम लावला.

अनघा_शिवाजीपार्क

रुईया_नाका, हे आईला आत्ताच वाचून दाखवलं. "माझ्यासमोर भरा" तिला पटलं. "नाही" म्हणावं लागत नाही ना!

परळ_वर्कशॉप

फोन आणि कागद यावरून माझ्या वडिलांचं सांगतो. ते १९९० मध्ये कुवेतला होते. २ ऑगस्टला इराकी फौजा आत शिरल्या. तेव्हा मोबाईल कुणाकडेच नव्हते, घरचा फोन लागत नव्हता, बँका बंद. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि मालक पळालेला. त्या काळी तिकडे ही पद्धतच होती, सगळ्यांचे पासपोर्ट मालकाकडे.

बाबांकडे पासपोर्टची झेरॉक्स होती, पॅंटच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकमध्ये. ती दाखवून आपल्या दूतावासाच्या यादीत नाव लागलं, प्रवासाचा कागद मिळाला. बसने बगदादमार्गे अम्मान, वाळवंटात तंबूत मुक्काम, आणि मग विमानाने मुंबई. त्या वेळी दीड लाखाहून जास्त लोकांना असं आणलं. सहारला उतरले तेव्हा दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. आईने आवाजावरून ओळखलं.

आजही आमच्या घरात कुणी देशाबाहेर निघालं की बाबा पहिला प्रश्न विचारतात, "झेरॉक्स कुठे ठेवलीस?" बॅगेत म्हटलं तर चालत नाही. अंगावर हवी.

निळा_डबा

परळकाका, अंगावर काटा आला.

जाता जाता एक, ज्येष्ठांसाठी नाही, त्यांच्या नातवंडांसाठी. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी, भरपूर पगार, तिकीट कंपनीचं, मुलाखत फक्त व्हॉट्सअॅपवर. असा मेसेज आला तर थांबा. बँकॉकला उतरवून पोरांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीला नेतात आणि कुंपणाच्या आत बसवून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. पासपोर्ट काढून घेतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिलेत. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. आमच्या विक्रोळीतल्या एका मुलाला त्याच्या मावशीने हे बघायला लावलं, एजंटचं नाव यादीत नव्हतं, मुलगा गेला नाही.

सायन_सर्कल

थायलंड निघालंच आहे तर स्कूटरचंही बोलू. फुकेत, बाली, व्हिएतनाम, सगळीकडे पोरं स्कूटर भाड्याने घेतात. दुकानदार हमी म्हणून पासपोर्ट मागतो. पासपोर्ट कधीही द्यायचा नाही. परत देताना जुना ओरखडा दाखवून पैसे उकळतात आणि पासपोर्ट त्यांच्याकडे असल्यामुळे तुमचं काही चालत नाही. आधी गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, रोख अनामत द्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.

आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो न काढता चालवलं आणि पडलात तर विमा कंपनी हात वर करते. व्हिएतनाममध्ये मात्र आपला परवाना चालत नाही, ते रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारातला मानतात आणि आपला १९४९ च्या करारातला आहे. तिथे टॅक्सी.

चर्चगेट_स्लो

आजी-आजोबांपासून स्कूटरवर आलो. अनघाताईंचा धागा त्यांना परत करा.

मालाड_मार्व्ह

परत करतो. विमा.

"विमा झाला" एवढ्यावर थांबू नका, पॉलिसी वाचा. शेंगेन व्हिसाला (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून लोक तेवढंच, सर्वांत स्वस्त घेतात. पण प्रश्न असतो आधीपासूनच्या आजाराचा. रक्तदाब आणि मधुमेह फॉर्ममध्ये लिहिलेत का? एजंट म्हणतो, "काका, नका लिहू, प्रीमियम वाढेल." आमच्या मामांच्या बाबतीत एजंटने तेच केलं. तिकडे छातीत दुखलं, रुग्णालयात ठेवलं, आणि विमा कंपनीने जुन्या गोळ्यांची चिठ्ठी काढून दावा नाकारला. मामेभावाने पुढे कितीतरी महिने ते बिल फेडलं. फॉर्म स्वतः भरा, सगळं लिहा, लिहिलेल्या आजाराला संरक्षण आहे की नाही हे पॉलिसीत शब्दांत बघा.

दुसरं, पॉलिसीवर मदत केंद्राचा नंबर असतो. अगदी जिवावरचं नसेल तर रुग्णालयात जाण्याआधी किंवा पोचल्या पोचल्या त्यांना फोन करायचा, मग ते रुग्णालयाशी परस्पर बोलतात. तो नंबर आणि पॉलिसी क्रमांक कागदावर हवा.

बँकेतली_मावशी

कार्डांचं मी सांगते. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतो, आपण सुरू करायचा. विमानतळावर बसून नाही, घरून, आणि मर्यादा ठरवून. परत आल्यावर बंद.

तिकडे दुकानदार मशीन पुढे करून विचारतो, रुपयांत की युरोत? नेहमी युरोत. रुपयांत निवडलं की ते स्वतःचा दर लावतात, तो महाग असतो.

ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू हवं, निदान एसएमएस येण्यापुरतं. कार्ड हरवलं तर लगेच कळवा. अनधिकृत ऑनलाइन व्यवहार ग्राहकाच्या चुकीने नसेल आणि ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवला, तर ग्राहकावर भार येत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर वेगळा असतो. आपले १८०० चे टोल-फ्री नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत. तो वेगळा नंबर कार्डाच्या पाठीवर असतो, आणि कार्ड तर हरवलेलं असतं! म्हणून कागदावर.

दोघांची कार्डं एका पाकिटात ठेवू नका. एक काकांच्या खिशात, एक काकूंकडे.

विरार_फास्ट

पाकीटमारीचं मुंबईकराला काय शिकवता? विरार फास्टमध्ये उभं राहून पाकीट सांभाळलंय आपण.

इसारकाठी

विरार_फास्ट, हा भरवसाच नडतो हो. लोकलमध्ये आपलं लक्ष खिशावर असतं कारण बघायला दुसरं काही नसतं. इथे चौकात घड्याळातल्या बाहुल्या नाचायला लागल्या की सगळे मान वर करतात, आणि चोर माना खाली घालून फिरतो. रोममध्ये ६४ नंबरच्या बसचं नाव याच कारणाने झालंय. ती व्हॅटिकनला जाते, त्यामुळे सगळे पर्यटकच असतात.

आता म्युनिकचं. आपत्कालीन नंबर ११२, रुग्णवाहिका आणि आग दोन्हीसाठी. पोलीस ११०. ११२ फुकट लागतो, पण जर्मनीत फोनमध्ये चालू सिम असावं लागतं, २००९ पासून बिनसिमच्या फोनवरून लागत नाही. म्हणजे रोमिंगवरचं आपलं सिम काढून ठेवू नका. रविवारी दुकानं बंद असतात, औषधांची दुकानं पाळीपाळीने एखादंच उघडं असतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आईंच्या गोळ्या मोजा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. रांग लांब वाटली तर घाबरू नका. तपासनीस विचारेल कुठे जाताय, किती दिवस. मुलीचं निमंत्रणपत्र, तिचा पत्ता, परतीचं तिकीट, विमा, हे चार कागद वर ठेवा. विमानतळावरून गावात एस१ आणि एस८ या दोन्ही लोकल येतात, पण बहीण घ्यायला येणारच, तरी ती भेटेपर्यंत दोघांनी बाहेरच्या हॉलमधून हलायचं नाही असं ठरवा.

म्युनिकमध्ये आपला वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तो कागद, पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, फोटो घेऊन तिथे. लगेच परतायचं असेल तर भारतात येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतात.

टी२_रात्रपाळी

सामानाचंही लिहून ठेवा. पट्ट्यावर बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. एकदा बाहेर आलात की फार वणवण होते. बॅग फुटली असेल तर लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. आंतरराष्ट्रीय करारच आहे, भारतही त्यात आहे.

आणि काकूंचे दागिने. मंगळसूत्र ठीक. पण पाटल्या, तोडे नेणार असतील तर जाताना इथे कस्टममधून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना "हे तिकडून आणलं नाही" हे पटवायला उभं राहावं लागतं. मी म्हणेन घरीच ठेवा.

रुईया_नाका

अनघा, आता मूळ प्रश्नावर. आमच्या आईसाठी आम्ही एकच ए-फोर कागद केला होता, दोन्ही बाजूंनी. असाच करा.

एका बाजूला देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं: मुलीचा नंबर, माझा नंबर, जावयाचा नंबर, विमानांचे क्रमांक आणि वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे, विम्याचा आणि बँकेचा नंबर, दूतावासाचा नंबर. दुसऱ्या बाजूला त्या देशाच्या भाषेत, टॅक्सीवाल्याला किंवा पोलिसाला दाखवायला: "माझं नाव अमुक, मी भारतातून आले आहे, मला मधुमेह आहे, इन्शुलिन घेते, कृपया माझ्या मुलीला या नंबरवर फोन करा", आणि खाली घराचा पत्ता. रक्तगट, ॲलर्जी, औषधांची मूळ नावं. याच्या मागे पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स पिन करायची.

दोन प्रती केल्या. एक आईच्या ब्लाऊजच्या बटव्यात, एक बाबांच्या बंडीच्या खिशात. ती दोघं एकमेकांपासून चुकली तरी प्रत्येकाकडे सगळं असावं, म्हणून. लोक दोघांचं मिळून एक पाकीट करतात आणि ते नवऱ्याच्या हातात देतात. बायको स्वच्छतागृहात गेली आणि गर्दीत चुकामूक झाली की तिच्याकडे काहीच नसतं.

अनघा_शिवाजीपार्क

हे शेवटचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे सगळं बाबांकडेच असणार होतं, आईकडे नुसती पर्स. आज दोन कागद करते. इसारकाठी, जर्मन मजकूर तपासून द्याल का? बहीण देईल, पण ती अनुवाद करताना रडेल, मला माहितीय.

इसारकाठी

पाठव, आज रात्रीच देते. मधुमेहाची ओळ सगळ्यात वर आणि ठळक घे. साखर उतरून माणूस अडखळायला लागला की लोकांना वाटतं प्यायलाय.

डॉ_माहीम

फार महत्त्वाचं. आणि ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या दोघांच्याही खिशात. विमानात जेवण उशिरा येतं, इन्शुलिन घेण्याची वेळ घड्याळाबरोबर साडेतीन तास मागे सरकते. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून घ्या, अंदाजाने नको.

केतकी_पार्ले

अनघा, मी सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला का नाही दिलात असा कागद?" तेव्हा आमच्याकडेही दोन प्रती होतायत. लाडवांवर मात्र मी ठाम आहे, माझ्यासमोर भरलेल्या.

मालाड_मार्व्ह

सगळे जाण्याची तयारी लिहितायत, येण्याची कुणी लिहिली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये दुबईत एवढा पाऊस झाला की धावपट्टीवर पाणी साचलं आणि हजारो लोक दिवसेंदिवस अडकले. तेव्हा म्युनिकहून निघताना औषधं हिशेबाला चिकटून ठेवायची नाहीत, चार-पाच दिवसांची जास्त असू द्या.

आणि एक हक्क बाबांना सांगून ठेवा, बँकेतले आहेत, त्यांना आवडेल. युरोपातून निघणाऱ्या विमानाला युरोपीय संघाचा प्रवासी-हक्काचा नियम लागू होतो, कंपनी कुठलीही असो. जाताना दुबईहून निघालेल्या आखाती कंपनीच्या विमानाला नाही, पण येताना म्युनिकहून निघालेल्याला लागू. विमान रखडलं तर जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावंच लागतं, मागावं मात्र लागतं. कंपनीच्या दोषाने ३ तासांहून जास्त उशीर झाला तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई असते. नियमाचा क्रमांक २६१/२००४. कागदाच्या देवनागरी बाजूला सगळ्यात खाली एक ओळ रिकामी असेल, तिथे लिहून टाका.